माझी सकाळ, त्याच्या गोळ्या

रवि., १६ नोव्हें.
काल श्रुतीचा साखरपुडा झाला. सगळे म्हणतायत, छान झाला. जेवणाआधी विलासनं माइक घेतला. व्याही-विहीण पुढच्याच खुर्च्यांवर. म्हणाला, "आमच्या हिच्याकडे बघून घाबरू नका. मुलगी माझ्यावर गेलीय, लग्नानंतर अशी पसरायची नाही." सगळा हॉल हसला. विहीणबाई तोंडाला पदर लावून. आणि श्रुती, माझी मुलगी, तीपण.
मीही हसले. तेच जास्त लागतंय.
ऑपरेशननंतर अंग सुटलं ते काय हौसेनं? पिशवी काढली तेव्हा हॉस्पिटलात रात्री थांबायला माझी बहीण होती. ह्याला ऑडिट होतं.
आजपासून वहीत 'हे', 'ह्यांनी' बंद. विलास. तो. तोंडावर अहोच म्हणेन, वही माझी आहे.
रडायचं नाही. उट्टं काढायचं.

सोम., १७ नोव्हें.
अलार्म रोजचाच. रोज काय असतं: त्याचं मेथीचं पाणी, त्याच्या गोळ्या त्याच्या हातावर, त्याचा पथ्याचा डबा, त्याचे मोजेसुद्धा. शुगर त्याला, राबणं मला.
आज भिजवलेल्या मेथीचं पाणी गाळलं आणि मीच प्यायले. कडू जहर. मग गच्चीवर सूर्यनमस्कार. तिसऱ्यालाच पोटऱ्या लटलटायला लागल्या. खाली येऊन खोबरेल कोमट केलं, तळपायांना चोळलं. बाल्कनीत चहा. गरम! सकाळचा चहा शेवटचा गरम कधी प्यायले, आठवत नाही.
तो: "माझं पाणी?"
"प्यायले मी."
"आणि डबा?"
"तब्येतीकडे बघतेय जरा. उशीर होतो."
कंपनीची बस हॉर्न मारायला लागली. तसाच गेला.

गुरु., २० नोव्हें.
डबा बंद, त्याचं त्याला काहीच नाही. उलट खूश. महापेला कंपनीच्या कँटीनमध्ये मिसळ, वडे, शिवाय रोज काहीतरी गोड. फोनवर मित्राला सांगत होता, "सुटलो बुवा दुधीतनं! बायकोला फिटनेसचं खूळ लागलंय. चार दिवसांत उतरेल."
उतरू दे तुझं. माझं नाही उतरत.

बुध., २६ नोव्हें.
गच्चीवर सोसायटीच्या बायका बघतात, म्हणून तळ्याकडे चालायला जाते आता. तिथे हिराताई भेटतात. करावे गावातल्या, म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेत शुद्ध बोलत असतील, तळ्यावर गावचंच बोलतात. आज म्हणाल्या, "तू चालत नाय गो. कोनाला तरी तुडवतस."
मी म्हटलं, "नवऱ्याला."
त्या हसल्या नाहीत. "मंग जरा हलू तुडव. धाप लागते तुला."

शनि., २९ नोव्हें.
गोळ्यांचं लिहायचं टाळत होते. लिहिते.
गोळ्यांचा डबा फ्रिजवर असतो. आधी सकाळची, रात्रीची मीच काढून हातावर ठेवायचे, पाणी द्यायचे, गिळेपर्यंत उभी राहायचे. दोन आठवडे होत आले, ठेवत नाही. म्हटलं, स्वतः घेईल. घेतली नाही. डबा आहे तसाच आहे. त्याला आठवतही नाही, कारण आठवायचं काम माझं होतं.
मी काही केलेलं नाही. फक्त केलं नाही.

गुरु., ११ डिसें.
मार्गशीर्षातला गुरुवार. यंदा घट मांडलाच नाही. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला बोलवायला आल्या, म्हणाल्या, "बारीक झालात हो सुरेखाताई! चेहऱ्यावर काय तेज आलंय!" विलास सोफ्यावर होता. त्यानं ऐकलं. मी मुद्दाम दारातच बोलत राहिले.
ब्लाउज सैल झालेत. शिवणीवर दोन टिपा मारल्या. काय बरं वाटलं मशीन चालवताना.
तो सारखा पाणी पितो. रात्री चार चार वेळा उठतो. मला जाग येते. कूस बदलते.

सोम., १५ डिसें.
श्रुती म्हणाली, "आई, बाबा किती उतरलेत. तुझं लक्ष नाही त्यांच्याकडे."
"तू त्यांच्यावर गेलीयस ना? तू दे लक्ष."
मोबाइलमध्ये डोकं घातलं. तिला आठवलं असावं. आठवू दे.

शुक्र., १९ डिसें.
लग्नासाठी त्यानं नवे बूट घेतलेत, टोकदार. रोज घालून सैल करतोय. आज धुवायला काढलेल्या मोज्यावर करंगळीपाशी डाग. रक्त, आणि पिवळट काहीतरी. त्याला कळलेलंही नाही. त्याच्या पायांना हल्ली काही कळत नाही, डॉक्टर मागेच म्हणाले होते, रोज रात्री पाय बघत जा. म्हणजे मी बघत जायचं.
मोजा साबणात भिजवला. चोळला. वाळत घातला.
काही बोलले नाही.
सकाळी स्वतःच्या पायांना तेल लावताना बोटांच्या फटी नीट पुसल्या. एकेक. सावकाश.

मंगळ., २३ डिसें.
आज राहवलं नाही, हिराताईंना सगळं सांगितलं. मोज्याचंसुद्धा. वाटलं, शिव्या घालतील. त्या बाकावर टेकल्या.
"पाय गेला त्याचा, तर कोन उचलील त्याला?"
मी तळ्याकडे बघितलं.
"तूच उचलशील. सून नाय, लेक चालली सासरी. पाय गेलेला मानूस सकाळ-संध्याकाळ घरातच असतो, बाय. मंग कसलं तळं आनि कसला चहा! तुजी सकाळ त्याच्यासंगती जाईल."
येताना इतकी चिडले होते! त्याला बुडवायचं म्हटलं तरी बुडणार मीच. सूडसुद्धा माझा मला धड घेता येऊ नये?
सांगायचं त्याला. पण आज नाही. रविवारी व्याह्यांकडे द्रोणागिरीला जेवायला बोलावलंय. तिथून आलो की.

रवि., २८ डिसें.
जमेल तसं लिहिते.
व्याह्यांचं नवं घर, बाहेर बंदराच्या कंटेनरगाड्यांची रांग, आत चांदीची ताटं. विहीणबाई गुलाबजाम वाढत होत्या. विलासनं वाटी पुढे केली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला चालतं ना गोड? आमच्यात बाई कोणाला शुगर नाही, म्हणून विचारलं."
तो: "छे छे, आमच्यातही नाही. वाढा बिनधास्त."
आणि मी बोलले. किती शांत बोलले! "आहे की. किती वर्षं झाली. ह्यांच्या आईलाही होती, डोळे गेले त्यांचे. आणि मुलगी ह्यांच्यावर गेलीय, ह्यांनीच माइकवर सांगितलं नाही का? लग्नाआधी तिचीही तपासून घ्या एकदा."
कोणी हसलं नाही.
विहीणबाई डाव तसाच हातात धरून उभ्या. विलासचा चेहरा राखेसारखा. तोच बघायचा होता मला महिनाभर. बघितला. आणि त्याच क्षणी श्रुती पानावरून उठली, बेसिनपाशी नळ सोडून हात धूत राहिली. धूतच राहिली.
निघताना विलासचा पाय बुटात जाईना. जावई खाली वाकले, म्हणाले, "बाबा, मोजा ओला झालाय तुमचा." रक्त होतं.

मंगळ., ३० डिसें.
वाशीला ॲडमिट. करंगळी काळी पडलीय. डॉक्टर म्हणतात, इन्फेक्शन वर चढलं नाही तर बोटावर निभावेल. "गोळ्या घेत नव्हते का?" विलास म्हणाला, "विसरलो." माझ्याकडे बघितलं नाही.
माझ्यावर ढकलेल असं वाटलं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

शुक्र., २ जाने.
श्रुती घरात असून बोलत नव्हती. आज बोलली.
"बाबा मस्करी करत होते, आई. फालतू मस्करी, पण मस्करी. तू करत नव्हतीस."
"तू हसलीस."
"सासूबाई माझ्याकडे बघत होत्या! काय करायला हवं होतं मी? रडू?"
मीही तर हसलेच होते.
तिकडून अजून फोन नाही. हॉलचा ॲडव्हान्स, पत्रिका, सगळं लटकलंय. ती मोबाइल उशाशी घेऊन झोपते.
विलासचा सूड घ्यायला निघाले आणि वार कुठे बसला.

मंगळ., ६ जाने.
करंगळी काढली. पाय वाचला. आज घरी आणलं.
दुपारी त्याच्याजवळ पाणी ठेवायला गेले. तो भिंतीकडे तोंड करून: "मोजे तूच धुतेस ना? दिसलं असेल तुला."
"दिसलं होतं."
पंखा नुसता फिरत होता. मग म्हणाला, "हॉलमध्ये मी तसं बोललो, त्यावरून?"
"त्यावरून. आणि आधीचंही."
"तेवढं लागलं?"
मी म्हटलं, "तुम्हाला बूट लागला तेव्हा कळलं का?"
माफी त्यानं मागितली नाही. मीही नाही. संध्याकाळी त्यानं स्वतः गोळ्यांचा डबा मागितला, चष्मा लावून पाकिटांवरची नावं वाचत बसला. कोणती कधीची, त्याला माहीतच नाही. अर्ध्या तासानं मी सांगितलं. एकदाच. हातावर ठेवली नाही.

शुक्र., ९ जाने.
तळ्यावरून आले तर फोन वाजत होता. विहीणबाई. आवाज सपाट. श्रुतीची शुगर तपासा असं त्या म्हणाल्या नाहीत. विलासच्या तब्येतीचं विचारलं, मग म्हणाल्या, "रविवारी सकाळी येते मी. तुमच्याशी एकटीशी बोलायचंय. पुरुष नकोत मध्ये."
श्रुती दारात उभी होती, मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण.
मी म्हटलं, "सकाळी नाही जमणार. दुपारी या."
श्रुतीनं कपाळावर हात मारला. मग विहीणबाई म्हणाल्या, "बरं. दुपारी."
श्रुती म्हणते, चुकून बोलले म्हण, माफी माग, माझ्यासाठी. विलास आतून ओरडला, "आपण खोटं बोललो होतो, ते मी सांगतो त्यांना." पहिल्यांदाच 'आपण' म्हणाला. खोटं त्याचं एकट्याचं होतं.
पोरीसाठी मान खाली घालायची तयारी आहे माझी. पण पदराआड हसलेलं ते तोंड समोर आलं की काय होईल, सांगता येत नाही. त्यांनाही त्या हसण्याचंच बोलायचं असेल कदाचित. किंवा नसेलही.
रविवारी काय करू? पोहे ठीक आहेत. गोड काही नको.