नख खरवडताना

डॉक्टरबाई,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. परवा सुनेच्या पायाच्या नखाच्या तपासणीचा कागद हातात आला. त्यावर एकच ओळ होती, बुरशी आढळली. ती वाचून मालवणचा आपला दवाखाना आठवला, म्हणून लिहायला बसले.

साठ-एकसष्ट साल असेल. मॅट्रिक होऊन मी तुमच्या हाताखाली लागले होते. रक्त, लघवी, थुंकी तपासायला तुम्हीच शिकवलंत. प्रयोगशाळा म्हणजे खिडकीपाशी एक टेबल, आरशावर उजेड पकडणारा मायक्रोस्कोप आणि स्पिरिटचा दिवा. एका सकाळी बाजारात मासे विकणारी एक मावशी आली. हाताची तीन नखं जाड, पिवळी, भुसभुशीत झालेली आणि मनगटावर गोल चट्टा. कुणीतरी महारोग म्हटलं होतं, तेव्हापासून बाकीच्या बायका आपल्या माशांच्या पाट्या लांब मांडत होत्या. घरी सुनेनं तिचं ताट वेगळं केलं होतं. ती दारातच उभी राहिली. "माका काय झालां तां सांगून टाका," ती तुम्हाला म्हणाली. "माझ्या बाजूक आता कोण बसणा नाय."

तुम्ही तिला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापसाचं टोक टेकवत गेलात. जिथे टेकवलंत तिथे दर वेळी तिनं बरोबर बोट ठेवलं. महारोगाच्या चट्ट्यासारखा बधिरपणा नाही, एवढंच म्हणालात आणि नख खरवडून तपासायचं काम माझ्यावर सोपवून एका बाळंतिणीकडे गेलात. मला भीती वाटत होती. तिला हात टेबलावर ठेवायला सांगून मी लांबूनच ब्लेडनं नखाच्या टोकाचा थोडा भुगा काचेवर पाडला, वर नख मऊ करणाऱ्या पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला, काच दिव्यावर जराशी धरली आणि लगेच पाहिलं. काहीच नव्हतं. वहीत तसं लिहून टाकलं.

संध्याकाळी तुम्ही वही वाचता. आवाज चढवत नाही. हात धरला होतास का, असं विचारता.

"नख हाताला असतं," तुम्ही म्हणता. "हात न धरता खरवडलंस तर टोकाचा मळ तेवढा मिळतो. उद्या तिला बाजारात कुणी बसू दिलं नाही, तर तिला काय सांगशील?"

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलावलं. तुम्ही तिचा हात आपल्या मांडीवर घेतलात, नखाचा सुटलेला भाग कापून काढलात आणि आत, मुळाकडे, नखाच्या खालून खरवडलंत. तो भुगा पोटॅशमध्ये रात्रभर राहू दिलात. नख चिवट असतं, विरघळायला वेळ घेतं, हे मी तेव्हा शिकले. सकाळी काचेखाली फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले. चट्ट्यावरून खरवडलेल्या खपल्यांतही तेच. तुम्ही मावशीलाही मायक्रोस्कोपपाशी बसवलंत. ती बराच वेळ डोळा लावून होती.

"ह्यां तर जाळ्यासारख्यां दिसता," ती म्हणाली.

ही बुरशी आहे, महारोग नाही, सतत ओल्या राहणाऱ्या हातांना धरते, औषधानं जाईल पण नवं नख यायला कित्येक महिने लागतील, असं तुम्ही तिला समजावलंत. ती रडली नाही. तसं लिहून द्या म्हणाली. तुम्ही दिलंतही लिहून, पण बाजारातल्या बायकांना वाचता येत नव्हतं. मग तुम्ही स्वतःच पिशवी घेऊन बाजारात गेलात, सगळ्यांपासून लांब बसलेल्या तिच्यासमोर उकिडव्या बसलात आणि तिच्या हातून बांगडे घेतलेत. रोज जात राहिलात. मी बरोबर असायचे. आठवड्याभरानं एकीनं आपली पाटी तिच्याजवळ सरकवली, मग दुसरीनं.

नखं नवी आली तेव्हा मावशी दवाखान्यात दोन सुरमया घेऊन आली, एक तुम्हाला आणि एक मला. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, कशी होती सुरमई? छान होती, मी म्हणाले.

पुढे मी अनेक वर्षं नखं तपासली, हात धरूनच. शिकायला येणाऱ्या मुलींनाही तसंच शिकवलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. ती सुरमई मी घरी नेलीच नाही. वाटेत एका दगडी गडग्याआड टाकून दिली. काचेखालचे धागे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, तरीही.