वत्सलाच्या हातची वांगी

१२ फेब्रुवारी १९८४, रविवार

आज पुन्हा ती वांगी. फळीवरचा डबा सासूबाई स्वतः उतरवतात, मला हात लावू देत नाहीत. आत वाळवलेल्या वांग्याच्या फोडी — वत्सलाने वाळवलेल्या. ह्यांची पहिली बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली, मला या घरात येऊन एक.

फोडी कोमट पाण्यात भिजवायच्या, मग काळा मसाला, दाण्याचं कूट. हे एरवी दीड भाकरीवर उठतात, आज तीन खाल्ल्या. म्हणाले, "तिच्या हाताला चव होती." सासूबाई नुसत्या "हं" म्हणाल्या. मी वाढत होते.

१५ फेब्रुवारी

सासूबाई पिंपळगावला गेल्या. नणंदेचं बाळंतपण आहे, महिनाभर तरी येणार नाहीत. घरात आता आम्ही दोघंच. वाटलं, थोडं बोलणं होईल.

१९ फेब्रुवारी

रविवार, हे दिवसभर घरी. बोलले ते एवढंच — चहा टाक. रेडिओ बंद कर. दार ओढून घे.

संध्याकाळी द्वारका चौकातल्या भाजीबाजारापर्यंत एकटीच चालत जाऊन आले. भाजी घ्यायची नव्हती, तरी भाव विचारले. कुणाशी तरी बोलायचं म्हणून.

२१ फेब्रुवारी

हे कामावर गेल्यावर डबा उतरवला. एक फोड तोंडात टाकली. खारट, चिवट. वांग्यासारखं वांगं. यात तिचं म्हणून काय आहे ते काही मला सापडलं नाही. भिंतीवर वत्सलाचा फोटो समोरच, हसरी आहे. चोरी केल्यासारखं वाटलं, घाईघाईने डबा वर ठेवला.

३ मार्च

झाकण नीट बसलं नव्हतं. डब्यात जाळी आणि अळ्या! सगळं टाकावं लागलं. बाजारात मिळणारी वस्तू असती तर आणली असती. मेलेल्या बाईच्या हातचं कुठून आणू?

ह्यांना सांगायचं ठरवलं होतं. हे अंबडहून, कामावरून आले, हातपाय धुतले, रोजच्यासारखी फोटोची काच पुसली. मग मी नुसता चहा टाकला.

४ मार्च

मी मामाकडे वाढले. मामीने भांडी घासायला दिली, चुलीपाशी कधी बसवलं नाही. वाळवण मला येतच नाही. शेवटी शेजारच्या भागीबाईंना विचारलं.

"लय सोपं हाय. चिरून मिठाच्या पाण्यात टाकायची, म्हंजी काळी पडत नाय. मंग कडक ऊन द्यायचं. पण आत्ताच कशाला? सासू येऊ दे की."

म्हटलं, सहज विचारलं.

७ मार्च

दोन दिवस आभाळ आलेलं. मी वाळत घातलेल्या सगळ्या फोडींना बुरशी. कागदात गुंडाळून लांब नेऊन टाकल्या, भागीबाईंना दिसू नयेत म्हणून.

१६ मार्च

परत वांगी आणली, परत चिरली. खाटेवर जुनं लुगडं अंथरून मागच्या अंगणात घालते. हे चारला येतात, म्हणून तीनलाच उचलते. चांगलं ऊन फुकट जातं.

आज आठवा दिवस. ओंजळीत घेतल्या तर खुळखुळ वाजल्या. एकटीच हसले. दाखवायला कुणी नव्हतं. डब्यात भरल्या, डबा फळीवर ठेवला.

२५ मार्च, रविवार

सासूबाई सकाळच्या एस.टी.ने आल्या. पिशवी ठेवली आणि आधी डबा उतरवला. बराच वेळ आत बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मग फोडी भिजत घातल्या, भाजी केली.

हे जेवले. तीन भाकरी. फोटोकडे बघून म्हणाले, "अशी वांगी आता कोण वाळवणार?" डोळे भरून आले त्यांचे.

माझ्या हातची होती. आनंद व्हायला हवा होता ना? मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि भांडी घासत बसले. ह्यांच्या प्रत्येक घासात मी होते, तरी नव्हते.

२८ मार्च

हे गेल्यावर सासूबाईंनी पिशवीतून एक गाठोडं काढून माझ्यापुढे सोडलं. वाळवलेली वांगी.

"डबा तळाला गेला व्हता, म्हणून भराया आणली व्हती. बघते तर डबा भरलेला. मी उभी चिरते, तू आडवी चिरलीस."

मला काही कळेना. त्याच सांगत गेल्या. "वत्सलानं कधी वांगं वाळवलं नाय. तिला ऊन सोसत नव्हतं. ती गेली तवा चार दिवस माझ्या लेकाच्या पोटात अन्न नाय. पाचव्या दिवशी मी माझीच वांगी केली, म्हणलं, तिच्या हातची हायेत. तवा जेवला. मंग मला मागं फिरता आलं नाय. संपली की लेकीकडं जायचं, तिथं वाळवायची, गपचूप आणून भरायची."

मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं कधी?"

"वाटायचं की. पर माझ्या नावानं तो जेवला नसता."

मी विळी घेतली. त्यांना म्हटलं, उभी कशी चिरतात ते दाखवा.

२९ मार्च

ह्यांना सांगितलं. वत्सलाची वांगी संपली, रविवारची माझ्या हातची होती. एवढंच. सासूबाईंचं काही सांगितलं नाही.

हे भाकरी मोडता मोडता थांबले. मग म्हणाले, "वाळत घातलेली मला कशी दिसली नाहीत?"

म्हटलं, तुम्ही यायच्या आत उचलायचे.

"का?"

मी भाजी वाढायला घेतली. त्यांनी पाट सरकवला. म्हणाले, "ताट घे. बस. जेवता जेवता सांग."

बसले.