सुधीरला समुद्रावर न्यायचा बेत

११ जानेवारी, रविवार

सोसायटीची सहल आज गेली. बस सकाळी गेटसमोर लागली तेव्हा सुधीर गॅलरीतच होता. खुर्ची स्वतः ओढून घेतली होती, डाव्या हाताने. दरवर्षी ही सहल तोच काढायचा. बस ठरवणं, नाश्ता सांगणं, कोण कुणाशेजारी बसणार तेसुद्धा. यंदा दुसऱ्या कुणी काढली. आम्हाला विचारलं, नाही असं नाही. पण विचारताना माझ्याकडेच बघत होते. मीही पटकन ‘नको, जमणार नाही’ म्हणून टाकलं.

बस वळली तरी हा तिकडेच बघत बसला. चहा दिला तर म्हणाला, “खिडकी.” हल्ली चहाला खिडकी म्हणतो. चूक कळते, मग तोंड मिटून घेतो. आज दिवसभर मिटलेलंच.

आपणच जाऊ कुठेतरी. दोघं. एकच दिवस.

१३ जाने., मंगळ

शाळेत ऑफ तासाला विचार केला. कर्नाळा नको, चढ. धरण नको, या दिवसांत बघण्यासारखं काही नाही. देऊळ म्हटलं की पायऱ्या आल्याच. आजवर कुठं जायचं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सु. म्हणायचा नऊला तयार राहा, मी राहायचे.

संध्याकाळी फिजिओहून येताना दत्ताभाऊंना विचारलं. कोन गावचे. त्यांच्याच गाडीतून आम्ही जातो-येतो. म्हणाले, “समिंदरावर न्या ना म्याडम. उरन काय लांब हाय? साहेबांना मी धरतो. तुमी नका घाबरू.”

सु. मागे बसून ऐकत होता. म्हणाला, “नाही.” हा शब्द मात्र कधी चुकत नाही.

१४ जाने.

मुक्ताचा पुण्याहून फोन. संक्रांतीचं बोलली, तिळगूळ वगैरे. मग बेत सांगितला. “आई, वर्ष तरी होऊ दे ना. तिथे काही झालं तर?” काही झालं ते इथेच झालं होतं, जेवणाच्या टेबलावर झटका आला तेव्हा. हे तिला बोलले नाही.

१७ जाने., शनि

आधी एकटीने जाऊन बघून यायचं ठरवलं. गाडी कुठवर जाते, बसायला सावली आहे का, बाथरूम कसं आहे. शाळा सुटल्यावर एसटी पकडली. कळंबोलीहून वन्सं भावाजवळ येऊन बसल्या. त्याला सांगितलं, शाळेचं काम आहे.

उरणला पीरवाडीच्या किनाऱ्यावर गाडी अगदी वाळूपर्यंत जाते. बाथरूम बरं आहे, उंबरठा उंच. बाक आहे. काम तेवढंच होतं, झालं.

आणि मग मी परत निघाले नाही.

चपला हातात घेतल्या आणि पाण्यातून चालत गेले. वाऱ्याने केस सुटले, सुटू दिले. एका गाडीवर भजी खाल्ली, मग आणखी एक प्लेट. कुणाला औषध द्यायचं नाही, कुणाला उठवायचं नाही. एका बाईने फोटो काढून द्यायला सांगितला, मग म्हणाली तुमचाही काढते. मी हसतेय त्यात. किती दिवसांनी पाहिला तो चेहरा.

बसमध्ये रडू आलं. का ते नीट कळलं नाही.

१८ जाने., रवि

सु.ला कळलं. दारात माझ्या चपलांना वाळू होती. काठी टेकत तिथे उभा राहिला, एकदा चपलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“एकटी?”

मी सांगून टाकलं, सगळं. भज्यांसकट. मोबाईलमधला फोटोही दाखवला. वाटलं चिडेल. बराच वेळ फोटो धरून बसला. मग माझ्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, फोटोतल्या. फोटो सरकून भलताच आला, तर आधीचा परत आणायला लावला.

रात्री जेवताना म्हणाला, “बरं.”

“बरं म्हणजे? जायचं?”

“बरं.”

२९ जाने., गुरुवार

रजा टाकली होती. सव्वीसच्या गर्दीनंतरचा दिवस मुद्दाम धरला. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, दही. जास्तीचा शर्ट, लेंगा, औषधं. दत्ताभाऊ वेळेवर. सु.ने दाढी करून घेतली. निळा शर्ट हवा म्हणाला, म्हणजे बोट दाखवलं.

पीरवाडीला नेमकी कुठल्याशा शाळेची सहल आलेली. पोरंच पोरं. दत्ताभाऊंनी दार उघडलं, हात पुढे केला. हा हलेना. काठी मांडीवर आडवी घट्ट धरून ठेवली. “लोक,” म्हणाला. मी समजावलं, कुणी बघत नाही, पाच मिनिटं फक्त. “नाही.” तीनदा.

गाडीतच पुऱ्या खाल्ल्या, काचा खाली करून. समोर समुद्र आणि आम्ही सीटवर. मला इतका राग आला. बोलून गेले, “मग कशाला आलास?” दत्ताभाऊ हळूच उतरून लांब जाऊन उभे राहिले.

सु.ने डबा खाली ठेवला. उजवा हात उचलायला लागला, तो बिचारा येईना, मग डाव्याने मागे दाखवलं. रस्त्याकडे. मला वाटलं घरी. म्हटलं ठीक आहे, चला. पण दत्ताभाऊ पनवेलच्या वळणावर आले तर हा खिडकीची काच ठोकायला लागला. दुसरीकडे. दत्ताभाऊ म्हणाले, “मोऱ्याला? साहेब, मोऱ्याला जायचा हाय?”

मान जोरात हलवली.

मोरा बंदराच्या धक्क्यावर सुक्या मासळीचा वास, जाळी पसरलेली. लाँच लागलेली होती, मुंबईला जाणारी. मी गाडीला वळसा घालून येईपर्यंत हा उतरलेला! दार धरून, एकटा, उन्हात. दत्ताभाऊ मागे हात पसरून उभे, पण हात लावला नाही त्यांनी.

टोपली घेऊन एक मावशी बसली होती. म्हणाली, “हितं बसवा त्यांना, सावलीला.” सरकून जागा दिली. आणि मग थेट त्यालाच विचारलं, माझ्याकडे न बघता, “काय झाला वो तुमाला?”

त्याला कुणी विचारत नाही. सगळे मला विचारतात, आता कसे आहेत म्हणून, तो समोर बसलेला असताना.

सु. शब्द शोधत राहिला. मी सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. त्याने हाताने थांबवलं.

“वीज,” म्हणाला. मग, “वीज… गेली.”

“आमच्याकडं तं रोज जाते,” मावशी म्हणाली. “येते मंग. कदी लवकर, कदी उशिरा.”

तो हसला. आवाज करून हसला. पार आजारपणाच्या आधी ऐकला होता तो आवाज.

मग लाँचवाल्याने हाक दिली आणि हा उठला. “चल.” मला वाटलं गाडीकडे. हा धक्क्याच्या पायऱ्यांकडे निघाला. खाली पायऱ्या ओल्या, शेवाळ, लाँच वरखाली होतेय. मी दंड धरला. “सुधीर, नाही. अरे, नाही जमणार.”

त्याने ओढून बघितलं, मग सोडून दिलं. लाँच गेली. ती लहान होईपर्यंत आम्ही उभे होतो.

परतताना कोनच्या फाट्याजवळ माझा हात धरला. तो रागावलेला नव्हता. ते जास्त अवघड गेलं.

२ फेब्रु., सोम

शाळेतून आले तर सु. जिन्यात! दत्ताभाऊ खाली एका पायरीवर, हा वर, कठडा धरून. लिफ्ट चालू होती. मी ओरडलेच. दत्ताभाऊ म्हणाले, “म्याडम, साहेबच बोलले. जिना बोलले, बरोबर बोलले.”

५ फेब्रु.

फिजिओवाली मुलगी खूश. म्हणाली, “दोन महिने जिना चढा सांगत होते, काका ऐकत नव्हते, आता काय जादू केलीत?” डॉक्टरांना लाँचचं विचारलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. “बघू.” मुक्ताला सांगितलं तर ती रडली. “आई, तू तरी शहाणी राहा ना.” तिचंही बरोबर आहे. बाबा गेलेच होते त्या रात्री, तिच्या लेखी.

८ फेब्रु., रवि

दत्ताभाऊ मोऱ्याला जाऊन विचारून आले. भरतीच्या वेळी लाँच वर येते, पायऱ्या कमी उतराव्या लागतात. चौघं मिळून खुर्चीसकट उचलून ठेवू, लाँचवाले म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना ठेवतो तसं.

सु.ला सांगितलं. “खुर्ची नाही.”

“मग कसा चढणार?”

पायाकडे बोट.

“आणि घसरलास तर? मला पोहता येत नाही, सुधीर.”

विचार केला त्याने. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाला, “मला… येतं.”

एक हात, एक पाय, आणि म्हणतो मला येतं. मी हसायला लागले, तोही. मग मला हसू आवरेना आणि डोळे पुसत मी स्वयंपाकघरात आले. पाठोपाठ काठीचा आवाज. दारात उभा आहे आत्ता, मी हे लिहितेय तरी. रजा कधी टाकतेस म्हणून विचारतोय, शब्द सापडत नाहीत पण तेच विचारतोय. मी अजून वर बघितलेलं नाही.