दोन उभ्या कानांचा ठराव

मु. बोडीटोला, पो. एकोडी,
ता. साकोली, जि. भंडारा
दि. ५ फेब्रुवारी १९८४

श्रीमान बुधरामजी इवाई, मुक्काम पवनी, यांना धनीरामचा दोन्ही हात जोडून रामराम. ईनबाईंना नमस्कार, तुमच्या सुनेले, म्हणजे आमच्या कुंताले, आणि जावईबापूले आशीर्वाद, लहान्या नातीचा एक पापा. आमी इथं सारे खुशाल आहोत. (आमच्या घरच्या रेवताबाईचा गुडघा दुखते, पण तो दुखला नाही तर तिले बोलाले विषय राहत नाही, म्हणून त्यालेही खुशालीतच धरा.) तुमच्या कमरेले आराम पडला की नाही ते कळवा. थंडीत वैनगंगेच्या पाण्यात उतरून जाळं टाकणं आता पोरावर सोपवा, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तुमी ऐकलं नसेलच. या पत्राले उशीर झाला त्याबद्दल रागावू नका, महिनाभर माझे दोन्ही हात दरोग्यात गुंतले होते.

दरोगा कोण ते तुमाले सांगाले नको, तो तुमच्याकडचाच. कुंताच्या लग्नात तुमच्या वरातीच्या ट्रकात कोणाच्या तरी पायाशी बसून पवनीहून आला, पोटभर जेवला, वरात पोरगी घेऊन गेली आणि हा कुत्रा राहिला. पोरगी गेली त्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर एकटा रडत बसलो होतो, तर हा येऊन बाजूले बसला. तवापासून चार वर्षं आमी दोघं सकाळी संगच जाळं उचलाले जातो. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्या बाजूले माणूस उभा आहे की बाभूळ ते मले उमजत नाही. ते तो सांगते. मच्छीमार संस्थेच्या तलावाची राखण माझ्याकडे आणि माझी राखण दरोग्याकडे, असा आमचा कारभार. म्हणून पुढं मी हट्टाले काहून पेटलो ते तुमी तरी समजून घ्याल. घरात कोणी समजून घेतलं नाही.

झालं असं की दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईची जत्रा होती. सरपंच घनश्यामजींची लेक शकुन मागच्या उन्हाळ्यात उजवली, तिचा नवरा पहिल्या दिवाळीले आला होता तो मंडईपर्यंत राहिला. (कोणत्या गावचा ते लिहत नाही. पोस्टातले लोक पत्रं वाचतात असा मले संशय आहे.) मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे जावईबापू तलावाकडून पळत गावात आले, पँट मागून फाटलेली आणि पायात एकच चप्पल. म्हणाले, परसाकडे गेलो होतो तर कुत्रा चावला. साकोलीच्या दवाखान्यात बेंबीभोवती चौदा सुया टोचून घ्याव्या लागल्या. पहिल्याच दिवाळीत सरपंचाच्या जावयाले गावचा कुत्रा चावते म्हणजे साऱ्या गावाचं नाक कापलं गेलं. बरं, कुत्रा कोणाचा, रंग कोणता, काही सांगता येईना. पळता पळता त्यानं एकदाच मागं पाहिलं होतं आणि धुक्यात दोन उभे कान दिसले होते. साक्ष एवढीच. पण त्यानं कोण्या जंगलसाहेबाच्या बंगल्यावर अल्सेशियन पाहिला होता, त्याचेही कान असेच उभे, तवा हा अल्सेशियनच, असं त्यानं छातीठोक सांगितलं.

इवाई, आमच्या गावात अल्सेशियन तर सोडा, त्याचा फोटोही कोणी पाहिला नव्हता. पण पंचायतीची बैठक बसली आणि ठराव झाला की अल्सेशियन ही जात माणसाच्या जिवाले धोक्याची असल्यामुळे त्या जातीचा एकही कुत्रा गावच्या हद्दीत राहणार नाही, सापडेल तो चुलबंद नदीपलीकडे जंगलात नेऊन सोडावा. ग्रामसेवकानं विचारलं की ओळखावा कसा. तर ठरावातच जोडून दिलं, ज्याचे दोन्ही कान उभे राहतात तो अल्सेशियन समजावा. मी उठून बोललो. म्हटलं, चावला असेल एक, एकापायी साऱ्या उभ्या कानवाल्यांले काहून गावाबाहेर काढता, त्यांनी काय केलं. उद्या एका बुटक्यानं चोरी केली तर साऱ्या बुटक्यांले हाकलाल काय. (हे बोलाले नको होतं. ग्रामसेवक बुटका आहे.) ठराव पास झाला, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या कुत्र्यांनी पंचायतीसमोर तपासणीले हजर व्हावं अशी दवंडी पिटली गेली.

दुसऱ्या दिवसापासून कुत्रेवाले लोक जे शहाणे झाले ते सांगतो. किराणा दुकानवाल्या बाबूलालचं म्हणणं पडलं की त्याच्या कुत्र्याचे कान फक्त भुकेनं उभे राहतात, पोट भरलं की पडतात. तपासणीच्या सकाळी त्यानं त्याले गंजभर दूधभात चारला. तो कुत्रा असा झोपला की कोतवाल जागेश्वरनं काठीनं ढोसून पाहिलं तरी उठेना. शेवटी कागदावर ‘झोपला आहे’ असं लिहून पुढं गेला. रंभाबाईच्या कुत्र्याचा एक कान रानडुकरानं फाडलेला, तो लोंबते, दुसरा उभा. तिनं ठराव तीनदा वाचून घेतला, ‘दोन्ही’ हा शब्द आहे याची खात्री केली आणि आता त्या फाटक्या कानाले मलम लावू नका, बरा होईल, असं घरात सर्वांले बजावून ठेवलं. लोक असे निघतील असं मले वाटलं नव्हतं. जे भावकीसाठी कधी पंचायतीपुढं तोंड उघडत नव्हते ते कुत्र्यासाठी कायदा बोलाले लागले.

मी काय केलं ते आता ऐका आणि ईनबाईंसमोर वाचू नका. दरोग्याचे कान तुमाले आठवत असतील, मंदिराच्या कळसावाणी उभे. फेकजाळ्याच्या काठाले शिसाच्या गोळ्या असतात, त्यातल्या आठ काढल्या. रेवताबाईच्या कथ्थ्या लुगड्याचा रंग दरोग्याच्या रंगाशी बरोबर जुळते, म्हणून त्याचा काठ फाडला (ते लुगडं तिच्या भावानं दिलेलं होतं हे मले नंतर कळलं, आणि चांगलंच कळलं). चिंधीत चार-चार गोळ्या गुंडाळून बाभळीच्या डिंकानं कानाच्या टोकाले आतून चिकटवल्या. कान पडले. एकदम साधा, गरीब कुत्रा दिसाले लागला. फक्त डोकं झटकलं की टक टक वाजे आणि दोनदा त्याच्याच डोळ्याले मार लागला. पण त्यानं सोसलं. जाळ्याचं काम आहे म्हणजे आपलंच काम, असं त्याले वाटलं असावं.

तपासणीच्या दिवशी दरोगा पास झाला. जागेश्वरनं कान पाहिले, ‘पडलेले’ असं लिहिलं, मी दोरी धरून निघालो. तेवढ्यात शकुनले घ्याले आलेले जावईबापू सरपंचाच्या घरातून बाहेर आले आणि दरोग्यानं त्यांले पाहिलं. इवाई, खोटं सांगत नाही, ते दोन कान चार-चार गोळ्यांसकट वर उठले. हळूहळू उठले, पण पुरे उठले. भुंकला नाही, गुरगुरला नाही, नुसता पाहत राहिला. जावईबापू पांढरे पडले आणि सासूच्या मागं जाऊन उभे राहिले. सरपंचानं विचारलं, “धनीराम, हा याले कसा ओळखते?”

आता मले सारं ठाऊक होतं. मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दरोगा माझ्या पुढं धावत गेला होता, मी मागून पाळीवर पोचलो तवा माझं जाळं कापलेलं होतं, बाजूले पिशवीत चार रोहू होते आणि चिखलात एक नवी कोरी चप्पल रुतली होती. सरपंचानं दिवाळीले जावयाले दिलेली, साऱ्या गावानं पाहिलेली. मागितले असते तर मी टोपलं भरून दिले असते, पण बेट्याले चोरूनच पाहिजे होते. दरोग्यानं आपलं काम केलं. तोंडाशी आलं होतं की सांगून टाकावं. पण समोर शकुन उभी होती. ती पाच वर्षांची असल्यापासून याच तलावात मी तिले पोहणं शिकवलं, माझ्या हातावर ती पहिल्यांदा तरंगली. लग्नाले वर्ष नाही झालं, नवरा मासोळीचोर म्हणून गावभर झाला तर ती माहेरी तोंड कसं दाखवेल. माझी कुंताही कोणाच्या घरी नांदते. मी म्हटलं, “थंडीनं कान ताठले असतील.” कोणाले पटलं नाही. आठ दिवसांत दरोग्याले नदीपार करण्याचा हुकूम झाला.

मी घरी येऊन त्याच्या डिंक-गोळ्या काढल्या, जाळ्याच्या दोरीचं एक टोक त्याच्या गळ्याले आणि दुसरं माझ्या कमरेले बांधलं. सरपंचाले निरोप धाडला की आता कुत्रा न्यायचा तर संस्थेच्या सेक्रेटरीसकट, म्हणजे माझ्यासकट, न्या. आठ दिवस आमी दोघं तसेच राहिलो, जेवणं, झोपणं, जाळं टाकणं सारं दोरीत. (आंघोळीचं विचारू नका.) रेवताबाई म्हणाली लोक हसून राहिले. म्हटलं हसू दे, नाही देत म्हणजे नाही देत. जागेश्वर कोतवाल तीनदा आला. तिन्ही वेळा मासोळीचा रस्सा आणि भात खाल्ला आणि पंचायतीत जाऊन सांगितलं की कुत्रा सापडला नाही. त्या वेळी दरोगा त्याच्या पायावर डोकं ठेवून बसला होता.

सातव्या दिवशी दुपारी शकुन एकटीच पाळीवर आली. माझ्यापाशी बसली, दरोग्याच्या कानाले अडकलेला डिंक नखानं काढत राहिली. मग म्हणाली, “काका, ती चप्पल तुमच्याजवळ हाय ना? मले द्या.” मी म्हटलं कोणती चप्पल. ती म्हणाली, दिवाळीची ती फाटकी पँट मीच धुतली, तिले खवले चिकटले होते, परसाकडे जाऊन कोणाच्या पँटले खवले चिकटतात का. मी तिले हात जोडले, पोरी तुझं घर आहे, राहू दे. तर म्हणाली, माझं घर मी पाहीन, दरोग्याचा गाव काहून सुटते माझ्या घरापायी. त्या पोरीचा मले इतका अभिमान वाटला की डोळे भरले, चांगल्या डोळ्यानंही दिसेना झालं. तांदळाच्या कोठीतून चप्पल काढून दिली, ती पदराखाली घेऊन गेली. बापाले काय म्हणाली ते कोणालेच ठाऊक नाही. जावईबापू मात्र त्याच दुपारच्या बसनं एकटे गेले, शकुन चार दिवसांनी गेली आणि सुखात आहे असं तिचं कार्ड आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक झाली. सरपंच म्हणाले की जाणकारांशी बोलल्यावर असं दिसते की कान उभे असल्यानं कुत्रा अल्सेशियन होत नाही, सबब ठराव रद्द. कारण कोणी विचारलं नाही, मीही नाही. दोरी सोडली. दरोगा पाळीवर आहे, कान उभे आहेत. हे पत्र वाचून चुलीत टाका, शकुनच्या जिवाचा प्रश्न आहे. घरच्या सर्वांले पुन्हा एकदा आमचा मान पावावा. कमरेले शेक देत जा.

तुमचा इवाई,
धनीराम

ता. क. – एक लिहाचं राहिलं. जुना ठराव रद्द झाला त्याच बैठकीत नवा झाला. जावईलोकांच्या अंगाले इजा होऊ नये या उद्देशानं, गावात आलेल्या कोणाच्याही जावयानं तलावाच्या पाळीवर पाय ठेवू नये. सरपंचाची अब्रू त्यात झाकली जाते, म्हणून साऱ्यांनी एकमतानं पास केला. रंभाबाईनं तेवढं विचारलं की तिचा घरजावई धरायचा की नाही, त्याचं रेशनकार्ड इथलंच आहे. तिचा अर्ज विचाराधीन आहे.

ता. क. २ – शिमग्याले आमचे जावईबापू, म्हणजे तुमचा पोरगा, दरसालाप्रमाणं माझ्यासंग जाळं टाकाले येणार आहे. पोरगा सोन्यासारखा आहे, माझ्या डोळ्यावर पट्टी बांधून त्याच्या हाती तलाव देईन. पण ग्रामसेवकानं या ठरावातही ओळख जोडली आहे. नवे कपडे घातलेला, बायकोच्या पुढं चालणारा आणि स्वतःचं सामान न उचलणारा तो जावई समजावा. म्हणून हात जोडून विनंती की त्याले जुना सदरा घालून पाठवा, पायात काही नको, नात त्याच्या कडेवर, ट्रंक त्याच्या डोक्यावर, आणि कुंता चार पावलं पुढं. दाढी दोन दिवसांची असली तर उत्तम. कोणी विचारलं तर संस्थेचा मजूर आहे असं मी सांगीन.

ता. क. ३ – एकमतानं असं वर लिहिलं ते खरं आहे. पहिला हात माझाच वर गेला. दरोगा वाचला त्या आनंदात गेला, आणि आपल्यालेही एक जावई आहे हे आठवेपर्यंत मोजणी होऊन गेली होती. हे कुंताले कळू देऊ नका.