दोन मिलिमीटर चालतात

१२ नोव्हेंबर
दोन मिलिमीटर! डॉक्टर शांतपणे म्हणाले, "स्क्रू दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी सहसा चालतं." माझा कंबरेचा मणका घसरलाय, त्यात चार स्क्रू घालायचे. शेजारूनच पायांच्या नसा जातात — आणि दोन मिलिमीटर चालतात! नवलाख उंबरे गावातल्या आमच्या कारखान्यात भोक केसभर सरकलं तरी मी पार्टवर लाल खूण मारतो. अठरा वर्षं तपासणीत आहे. मारलेली खूण कधी पुसली नाही.

म्हटलं, नीट बघून तरी घालता का? तर म्हणे ऑपरेशन चालू असतानाच स्कॅन काढतात, स्क्रूची वाट स्क्रीनवर दिसते. मी विचारलं, "आणि ते यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत?" कोमलने टेबलाखालून पाय दाबला. बायकोला माझी सगळीकडे लाज वाटते.

१७ नोव्हेंबर
उद्या ऑपरेशन. भीती वाटते. चालताच आलं नाही तर? सहीचा कागद तीनदा वाचला, शुद्धलेखनाच्या चार चुका दाखवून दिल्या.

२१ नोव्हेंबर
चाललो! वॉर्डाच्या टोकापर्यंत. कोमल रडली. मी स्कॅनची सीडी मागितली.

२६ नोव्हेंबर
वराळ्याला घरी. ऑपरेशननंतरचा स्कॅन लॅपटॉपवर लावला. तीन स्क्रू हाडात एकदम चोख. चौथा, खालचा डावा, हाडाच्या भिंतीतून नसांकडे डोकावतोय. मोजला — १.८! आईला दाखवला. म्हणाली, "आरं मेल्या, चालतुयस न्हवं? मग कशाला उकरून काडतुस?"

२७ नोव्हेंबर
डाव्या पोटरीला मुंग्या. वाटलंच होतं.

३० नोव्हेंबर
डावा पाय जड. लंगडतोय. तपासणीतला माझा जोडीदार आवेज बघायला आला. स्कॅन बघून म्हणाला, "कैलासभाऊ, पीस रिजेक्ट!" माणूस असावा तर असा.

३ डिसेंबर
शोभा झाली. डॉक्टरांपुढे लॅपटॉप उघडला, डावा स्क्रू दाखवला, डावा पाय पुढे केला. ते म्हणाले, "कैलासराव, हा स्कॅन पायांकडून बघायचा असतो. चित्रात डावीकडे दिसतं ते तुमचं उजवं." अठरा वर्षं ड्रॉइंग वाचतोय! कुठल्या बाजूने बघायचं, हा तर आमचा पहिला प्रश्न — तोच विचारला नाही.

"उजव्या पायाला काही त्रास?" "अजिबात नाही," मी घाईघाईने म्हटलं. नर्स आणि कोमल तोंड दाबून हसत होत्या. "काही बदल वाटला तर लगेच या," म्हणाले. जिना उतरेपर्यंत डाव्या पायाच्या मुंग्या गायब! घरी येईस्तोवर कोमल हसत होती. शेवटी मीही हसलो.

६ डिसेंबर
सकाळी अंगणात फेऱ्या मारत होतो. आई ओट्यावरून ओरडली, "आरं, उजव्या पायातली चप्पल कुटं टाकलीस?" खाली बघितलं. पाऊल मातीने माखलेलं. चप्पल पार मागे, पायरीपाशी पडलेली. मला कळलंच नव्हतं.

कोमलला सांगितलं. ती हसायलाच लागली — "आता कुठला पाय?"