सातवा लॉर्ड हार्टलमियर

३ फेब्रुवारी १९५८
काकांना न्यूमोनिया. ते सहावे लॉर्ड हार्टलमियर, निपुत्रिक. बाबा आधीच गेलेले, म्हणजे सातवा मी. शांत राहायचं ठरवलं. दिवसभरात तीनच फोन केले.

६ फेब्रुवारी
काकांनी उकडलेलं अंडं खाल्लं. निराश नाही. काळजी वाटते, इतकंच.
जाइल्सला फोन. माझा भाऊ, दोन वर्षांनी लहान, गुरांचा डॉक्टर. म्हटलं, मी लॉर्ड झालो तरी तू मला ऑब्रीच म्हण. तो म्हणाला, "गाय अडलीय. फोन ठेव."

१० फेब्रुवारी, सकाळी ७
काका गेले. शाळेतल्या लॅटिनच्या नोकरीचा राजीनामा नाश्त्याआधी टपालात टाकला. लॉर्डांच्या सभागृहातल्या पहिल्या भाषणाचे मुद्दे तयार.

१४ फेब्रुवारी
वकील पिम म्हणाले, सभागृहात बसायचं तर पुरावा लागतो. माझा जन्मदाखला, आईबाबांच्या लग्नाचा दाखला. आईकडे मागितला. म्हणाली, ते चर्च बॉम्बमध्ये जळलं. मग म्हणाली, "लॉर्ड नाही झालास तर काय अडणारय? शाळा बरी होती की." वय झालं तिचं. नोंदणी कचेरीला मीच लिहिलं.

१९ फेब्रुवारी
टपाल नाही. झोप नाही. आईचे दोन फोन: पत्र आलं का? तिलाही आता उत्सुकता आहे.

२४ फेब्रुवारी
दाखला आला. लग्न ९ मार्च १९२१. माझा जन्म नोव्हेंबर १९२०चा. कारकुनाची घोडचूक. कडक पत्र लिहिलं.

२५ फेब्रुवारी
आई स्वतः आली. हॅट न काढता बसली. म्हणाली, "त्या कारकुनाला काही बोलू नकोस. तुझे बाबा पलटणीबरोबर आयर्लंडमध्ये अडकले होते. मी थांबले. तू थांबला नाहीस."

२७ फेब्रुवारी
पिम म्हणतात, नंतर लग्न झालं म्हणून कायद्यानं मी औरसच. सगळीकडे चालतो, फक्त या पदवीला नाही. सातवा जाइल्स.
मोठ्या मनानं हक्क सोडतो म्हटलं. पिम म्हणाले, "सोडायला आधी असावा लागतो."
जाइल्स म्हणाला, "मला नकोय रे, तूच घे." तशी सोय नाही.

४ मार्च
जाइल्सच्या अर्जाला शपथपत्र जोडावं लागतं: थोरला भाऊ हयात आहे, पण लग्नाआधीचा. ते थोरल्यानंच दिलेलं बरं, असं पिम म्हणाले. त्यांचा मसुदा ढिसाळ होता. मी भाषा नीट केली, दोनदा वाचून दाखवली. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "स्पष्ट झालंय."
सही केली.