पंधरा पौंडांची अट

मुक्काम : एल्क कुरणाच्या वरचं अंग, ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप मॅक्सीन आत्यास,

डोंगरावरून रॉयसचा नमस्कार. तुझी सर्दी उतरली असेल, कोंबड्या अंडी देत असतील आणि पोर्चची गळती मी येईपर्यंत दम धरेल अशी आशा आहे. आधीच सांगतो, आतोबा ठणठणीत आहेत. समोर दगडावर बसून बूट वाळवतायत आणि शीळ घालतायत (बेसूर, म्हणजे प्रकृती उत्तम).

आत्या, एल्कच्या, म्हणजे त्या थोरल्या सांबराच्या, शिकारीचा परवाना सोडतीत नऊ वर्षांनी लागला आणि तोही आतोबांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर सहाच महिन्यांनी. तू अट घातलीस की आतोबांच्या, म्हणजे तुझ्या लेलंडच्या, पाठीवर पंधरा पौंडांच्या वर काही दिसलं तर आम्हा दोघांनाही घरात घेणार नाहीस. म्हणजे तंबू, रायफल, सहा दिवसांचं खाणं, सगळं माझ्या सॅकमध्ये. ती भरली बहात्तर पौंड. मग मी आठवडाभर स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसलो. टूथब्रशचा दांडा कापला. टॉवेलचा चतकोर केला. शर्टांची लेबलं उसवली. नकाशाच्या कडा कातरल्या (आम्हाला जायचं होतं ते खोरं एका कडेवर होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं). तंबूऐवजी ताडपत्री घेतली. कॉफी तर घरीच ठेवली, यावरून माझी तळमळ समजून घे. शेवटी सॅक बावन्न पौंडांवर आली आणि मी अंगणात अक्षरशः नाचलो.

पहिल्या मुक्कामाला बर्फ सुरू झालं. आतोबांनी आपली सॅक उघडली आणि आतून बिडाचा तवा निघाला. हो, तुझाच. सहा पौंडांचा.

"आतोबा, हे काय?"

"पंधराच्या आत आहे. काटा लावून बघ."

"आणि तुमची स्लीपिंग बॅग?"

"कशाला? तुझी आहे की! माणसं दोन, रात्र एक."

त्या एका बॅगेची चेन आम्ही पूर्ण उघडली, पांघरूण केलं आणि पाठीला पाठ लावून झोपलो. पांघरूण कोण ओढतं यावरून तीन रात्री जी भांडणं झाली, ती लिहिण्यासारखी नाहीत. मला मात्र त्यांच्या पाठीतून हृदयाचे ठोके लागत होते आणि मी ते मोजत जागा राहायचो. हे त्यांना सांगू नकोस.

आणि आत्या, काल पहाटे! धुकं उठलं आणि दोनशे पावलांवर एल्कचा नर उभा, अंगातून वाफा निघतायत, शिंगं अशी की मी श्वास घ्यायचाच विसरलो. आतोबांनी रायफल उचलली आणि पुन्हा खाली केली. मी म्हटलं, "राहू द्या, उद्या बघू." ते म्हणाले, "गप्प बस रे." रायफल ओंडक्यावर टेकवली, डोळे मिटले, उघडले आणि एकच गोळी. नर चार पावलं चालला आणि खाली बसला, अगदी थकल्यासारखा. आतोबा त्याच्याजवळ गेले, टोपी काढली, मानेवर हात ठेवून किती वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "रॉयस, मॅक्सीनला कळव. धडधड चालू आहे आणि चांगली चालू आहे." मला रडू आलं. (थंडीमुळे.)

मग त्या तव्यावर काळीज भाजलं, नुसतं मीठ लावून. आत्या, तवा न आणणारा मूर्ख, एवढंच म्हणतो.

हे पत्र खाली उतरणाऱ्या वनरक्षक बर्निस बाईंजवळ देतोय. त्या संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात पोचतील. त्यांना तुझा ॲपल पाय खाऊ घाल.

तुझा भाचा,
रॉयस

ता. क. : हाडं काढून मांस अडीचशे पौंड भरलं. मी वीस पौंड वाचवले होते. हिशेब तूच कर. मांस पिशव्यांत घालून झाडाला उंच टांगलंय, थंडी आहे तोवर टिकेल, पण शनिवारी ऊन पडणार असं बर्निस बाई म्हणतात. तरी तुझी दोन खेचरं घेऊन उद्या सकाळीच निघता आलं तर बरं. घाई नाही. पण उद्या.

ता. क. दुसरा (अक्षर माझं, लेलंडचं) : मॅक्सीन, खेचरं दोन नको, तीन आण. दोहोंवर मांस, तिसऱ्यावर हा. काल मांसाची पहिली पिशवी घेऊन निघाला तो सरळ ओढ्यात, घोटा भोपळ्याएवढा सुजलाय आणि एवढ्या लांबलचक पत्रात त्याचा चकार शब्द नाही. तिथून मीच त्याला खांद्याला धरून वर आणलं, पंधरा पंधरा पावलांनी, थांबत थांबत. मला काही झालेलं नाही. एक सांगतो, या पोराने टूथब्रशपासून सगळं हलकं केलं, स्वतःला हलकं करायचं तेवढं विसरला.